अपुऱ्या चित्राला सोबत हवी

वेदविद्येला उत्तेजन देण्यासाठी वेदशास्त्रोत्तेजक सभा, वक्तृत्वाला उत्तेजन देण्यासाठी वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथनिर्मितीला उत्तेजन देण्यासाठी ग्रंथोत्तेजक संस्था, अशा संस्था ज्या पिढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे शहरी एकामागून एक उभ्या केल्या, त्या पिढीने 'उत्तेजन' हा शब्द सहज सुचला म्हणून घेतला असेल असे मला वाटत नाही. ज्या 'तिज्' धातूपासून तो सिद्ध होतो त्या धातूचा मूळ अर्थ धार लावणे, तीक्ष्ण करणे असा आहे. त्यामुळे उत्तेजन देणे याचा खरा आशय पाठ थोपटण्याच्या पुष्कळ पलीकडे जातो, आणि बोथट होऊ लागलेले हत्यार सहाणेवर धरण्याची क्रिया त्यातून डोळ्यांपुढे उभी राहते. ज्यांचे हत्यार पेन्सिल हेच आहे, आणि जिला दिवसातून दहा वेळा खरोखरीच टोक काढावे लागते, त्या माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना हा अर्थ अन्य कोणाहीपेक्षा लवकर पटावा.

पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी चित्रे काढणाऱ्या मंडळींनी आपली अपुरी, कच्ची, अजून आकार शोधणारी रेखाटने एकमेकांपुढे मोकळेपणाने ठेवावीत, एकमेकांच्या रोजच्या सरावाची आस्थेने विचारपूस करावी, आणि समाजाने त्यांना त्यासाठी जागा व निमित्त उपलब्ध करून द्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मागणी लहान आहे. परंतु सुमारे चाळीस वर्षे हेच काम केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, चित्रकाराचा हात जिवंत राहतो की नाही हे त्याच्या उपजत बुद्धीपेक्षाही त्याच्या वहीत कोणी डोकावते की नाही यावर अधिक अवलंबून असते.

आपल्याकडे पूर्ण झालेल्या चित्राचा मान मोठा आणि अपुऱ्या चित्राची लाज मोठी. गवयाचा रियाज भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला पहाटेपासून ऐकू जातो आणि एखादी तान दहादा चुकली तरी कोणी त्याची अप्रतिष्ठा मानीत नाही; पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या बिनरंगाच्या मूर्ती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या असतात, रस्त्याने जाणारी मुले उंबऱ्यापाशी उभी राहून त्या न्याहाळीत असतात, आणि डोळ्यांची आखणी अद्याप व्हावयाची आहे एवढ्या कारणाने कोणी कारागीर त्यांवर फडके टाकीत नाही; दारातली रांगोळी तर पहिल्या ठिपक्यापासून शेजारणीच्या नजरेसमोरच वाढते, आणि "ती ओळ जरा वर घे" हे सांगण्याचा तिचा अधिकार कोणालाही मान्य असतो. चित्रकार मात्र कोणी जवळ आले की पानावर हात ठेवतो. हा हात ठेवण्याचा संस्कार बालपणीच होतो. आपल्यापैकी पुष्कळांची रेखाटनाशी पहिली गंभीर भेट एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांच्या निमित्ताने झाली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा विषयांचा क्रम, घड्याळाची मुदत, शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहण्यास मनाई, आणि शेवटी श्रेणी. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांच्या हाती पेन्सिल आणि रंगपेटी दिली, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु परीक्षेच्या दालनात जे नियम योग्य असतात ते आयुष्यभर पाळल्याने चित्रकाराचे नुकसान होते, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही.

वास्तविक या देशात चित्रे काढण्याची जुनी रीत अगदी निराळी होती. अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर अनेक हात चालत असत, आणि 'अकबरनाम्या'च्या चित्रांखाली हाशियामध्ये दफ्तरी लिपिकांनी केलेल्या नोंदींवरून आजही आपल्याला कळते की अमुक चित्राची 'तरह', म्हणजे मूळ रेखांकन, बसावनसारख्या उस्तादाचे असून त्याचा 'अमल', म्हणजे रंगकाम, दुसऱ्या कोणाचे आहे, आणि क्वचित चेहऱ्यांचे काम तिसऱ्याच कोणाकडे सोपवलेले आहे. म्हणजे पहिल्याचे अपुरे चित्र दुसऱ्याच्या हातात जाणे हीच तेथली रीत होती. आपली रेघ दुसऱ्याला समजेल इतकी स्पष्ट ठेवणे आणि दुसऱ्याची रेघ रंगाखाली मारली जाणार नाही इतकी जपणे, हे त्या कारखान्यातल्या प्रत्येक शागिर्दाला शिकावे लागत असेल. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त असेही नमूद केले आहे की दारोगे आणि लिपिक सर्व चित्रकारांचे काम दर आठवड्यास बादशहापुढे ठेवीत, आणि तो ते पाहून इनाम देई अथवा तनखा वाढवी. बादशाही गेली, इनामेही गेली. दर आठवड्यास काम कोणापुढे तरी ठेवण्याचा तो परिपाठ मात्र आपण राखावयास हवा होता.

माझ्या स्वतःच्या अनुभवाचा दाखला येथे दिला तर तो अप्रस्तुत होणार नाही. मी उमेदवारी केली ती एका नियतकालिकाच्या चित्रविभागात. एक मोठे मेज, त्याभोवती आम्ही चौघे, मध्ये शाईच्या दौती, टाक, पांढऱ्या पोस्टर रंगाची बाटली आणि ब्लॉक करणाऱ्याकडे जावयाच्या चित्रांचा गठ्ठा. कथा हाती आली की प्रत्येकजण लहान लहान चौकटींत तीनचार 'रफ' काढी, आणि आमच्यातले ज्येष्ठ चित्रकार चहाचा पेला हातात घेऊन मेजाभोवती एक फेरी मारीत. त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी क्वचितच ऐकला. ते पाठीमागे उभे राहत, बराच वेळ पाहत, आणि मग माझ्या रेखाटनावर ट्रेसिंगचा कागद ठेवून त्यावर दोनच रेघा ओढीत: एक खांद्याची, एक कमरेची. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा भार कोणत्या पायावर येतो, हे मला शरीरशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही. त्या दोन रेघांनी शिकवले. माझा मूळ कागद ते कधी खोडीत नसत, हेही सांगितले पाहिजे. ट्रेसिंगचा कागद उचलला की माझे चित्र होते तसेच खाली शिल्लक असे, आणि सुधारणा करावयाची की नाही याची मुभा सर्वस्वी माझी असे.

पुढे मी नोकरी सोडली आणि घरी बसून काम करू लागलो. कामाला तोटा नव्हता. दिवाळीच्या आधीच्या तीन महिन्यांत तर रात्री पुरत नसत. परंतु माझ्या वहीत मागणीवाचून काढलेले एकही पान त्या सहा वर्षांत पडले नाही. मुदत आली की चित्र काढावे, संपादकांकडे पोचवावे, छापून आले की पाहावे, आणि पुढचे घ्यावे, अशा क्रमात हात हळूहळू ठराविक वळणाचा झाला. सगळ्या तरुणींची मान एकाच बाजूला झुकू लागली, सगळ्या वृद्धांच्या कपाळावर त्याच तीन रेघा येऊ लागल्या. एका संपादकांनी, अतिशय सौजन्याने, यंदाच्या कथेची नायिका आपल्या गेल्या अंकातील नायिकेची सख्खी बहीण दिसते, असे मला सांगितले तेव्हा घरी येऊन मी दोन्ही अंक समोरासमोर ठेवले. ते खरे होते. माझ्या कष्टांत उणीव नव्हती, परंतु सहा वर्षांत माझे एकही कच्चे पान दुसऱ्या चित्रकाराच्या डोळ्यांखालून गेले नव्हते, आणि त्यामुळे माझे माझ्याशीच चाललेले अनुकरण मला दिसत नव्हते.

त्या अवस्थेतून मला बाहेर काढले ते एका स्नेह्याने. तोही याच व्यवसायातला, पाठ्यपुस्तकांची चित्रे काढणारा. त्याने ठरवले की प्रत्येकाने आठवड्यात सात पाने काढावयाची, चांगली की वाईट हा प्रश्न मनात आणावयाचा नाही, आणि शनिवारी सायंकाळी वह्यांची अदलाबदल करावयाची; दुसऱ्याच्या वहीच्या कडेला पेन्सिलीने काय दिसले ते लिहावयाचे आणि पुढच्या शनिवारी ती परत करावयाची. पहिल्या शनिवारी माझी चारच पाने भरली होती, आणि ती देताना मला संकोच वाटला. चौथ्या आठवड्यात मी एस.टी. स्टँडवर गाठोड्याला टेकून झोपलेली माणसे काढली, आईचे तांदूळ निवडणारे हात काढले. त्या हातांच्या चित्राशेजारी त्याने लिहिले होते: "बोटे मोजून काढली आहेस. तांदूळ निवडताना ती मोजता येत नाहीत." या दोन वाक्यांवर मी पुढे महिनाभर काम केले. सूप, ताट, बोटे, पुन्हा बोटे, आई त्रासून म्हणे, "अरे, तांदूळ संपले आता." ती चित्रे कोठेही छापली गेली नाहीत, परंतु त्यानंतर मी काढलेल्या प्रत्येक कथाचित्रातील हात त्या महिन्याचे देणे लागतात. हा क्रम आम्ही अकरा वर्षे चालवला.

एवढ्यावरून सर्व प्रकारची टीका हितकारकच असते असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण अपुरे चित्र ही फार हळवी वस्तू आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि अँथन व्हान राप्पार्ड यांच्या मैत्रीची हकीकत या दृष्टीने मला नेहमी विचार करण्यासारखी वाटते. व्हॅन गॉगने चित्रकार होण्याचे ठरवले ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये त्याची राप्पार्डशी गाठ पडली. राप्पार्ड पाच वर्षांनी लहान, खानदानी घरातला, रीतसर शिक्षण घेतलेला, तर व्हॅन गॉग चित्रपाठांच्या छापील नमुन्यांवरून एकट्याने हात घटवणारा. आज जगाला तो सूर्यफुलांचा चित्रकार म्हणून ठाऊक आहे, परंतु त्या प्रारंभीच्या वर्षांत सचित्र साप्ताहिकांसाठी चित्रे काढून पोट भरावे ही त्याची खरीखुरी आकांक्षा होती, म्हणजे तो आमच्याच व्यवसायाचा उमेदवार होता. 'ग्राफिक' आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या इंग्रजी साप्ताहिकांतील लाकडी ठशांची चित्रे दोघेही जमवीत, दुबार आलेली एकमेकांस पाठवीत, आणि कोणत्या चित्रकाराने गरीब माणसाची पाठ कशी वाकवली आहे यावर पानेच्या पाने लिहीत. १८८१ साली राप्पार्ड एटन गावी त्याच्याकडे राहावयास आला तेव्हा दोघांनी गावाबाहेरच्या पाणथळ जागी बसून बरोबरीने चित्रे काढली. पत्रांतून व्हॅन गॉग हाती असलेल्या कामाची लहानशी रेखाटने करी. त्यांना तो स्वतःच्या भाषेत 'खरड' अशा अर्थाचा साधा शब्द वापरी. त्याची जी आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत त्यांतील पन्नासांहून अधिक एकट्या राप्पार्डला लिहिलेली आहेत. ज्याला विकत घेणारा नव्हता, छापणारा नव्हता, त्याला पाच वर्षे पाहणारा एक होता, आणि त्या पाच वर्षांतच त्याचा हात घडला.

मग १८८५ च्या मे महिन्यात ते बिनसले. व्हॅन गॉगने बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या आपल्या चित्राचा शिळाछाप राप्पार्डला पाठवला, आणि त्याने उलट टपाली जे लिहिले त्यात त्या आकृतींच्या देहरचनेवर, त्यांच्या हातांवर, कामाच्या उथळपणावर असा काही कठोर शब्दांचा मारा केला की व्हॅन गॉगने ते पत्र त्याचे त्याला परत पाठवून दिले. पुढे समेटाचे प्रयत्न झाले, पण त्याच वर्षी ही मैत्री संपली. राप्पार्डच्या आक्षेपांपैकी काही तांत्रिक दृष्ट्या निराधार नव्हते, हे कोणीही मान्य करील. त्याची चूक माझ्या मते अन्यत्र होती. पाच वर्षे तो शेजारी बसून पाहणारा होता, आणि त्या एका पत्रात तो एकाएकी न्यायासनावर जाऊन बसला; ट्रेसिंगचा कागद वर ठेवण्याऐवजी त्याने मूळ कागदच खोडला. मित्र काय साधू पाहत आहे हे आधी विचारावे, त्यात तो कोठे अडला आहे ते मग पाहावे, हा क्रम त्याने सोडला. आणि हानी एकाच पक्षाची झाली असेही नाही: त्या शतकातील सर्वांत सकस अशा वह्यांपैकी एकीचे दार राप्पार्डला कायमचे बंद झाले.

मुंबईत असे दार उघडे ठेवणारी माणसे आणि स्थळे पूर्वी होती. हिटलरच्या राजवटीमुळे मायदेश सोडून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले आणि त्यांचे नेपियन सी रोडवरील घर रविवारी तरुण चित्रकारांना खुले असे. तेथे येणाऱ्यांत एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करणारा सैयद हैदर रझा होता, पोटासाठी मोटारी धुण्याचे काम केलेला कृष्णाजी हौळाजी आरा होता. १९४७ साली ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली त्याचा इतिहास लिहिताना सूझा, हुसेन, रझा, आरा, गाडे आणि बाकरे या सहांच्या बंडखोरीचे वर्णन सर्वजण करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बंडापूर्वी त्यांच्यातल्या काहींना कोणीतरी रविवारी घरात घेतले होते, चित्रे भिंतीला टेकवून ठेवावयास सांगितले होते, हेही इतिहासाचेच कलम आहे. पुढे वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत गायतोंडे आणि हुसेन यांची कामाची जागा होती, तेथेच अल्काझींच्या नाटकांच्या तालमी होत आणि रविशंकरांचे संगीतविद्यालय चाले. एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन अर्धवट कॅनव्हास पाहू शके. ती वास्तू पाडली गेली. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात १९६४ पासून 'समोवार' नावाचे उपाहारगृह होते. त्याच्या अरुंद बाकांवर चहाच्या पेल्यांच्या मध्ये वही उघडून बसलेले चित्रकार मी स्वतः पाहिले आहेत, त्यांत बसलोही आहे. तेही २०१५ साली बंद झाले. प्रदर्शनाची दालने शहरात वाढली, ही आनंदाची गोष्ट. पण दालनात चौकट लागते, आणि चौकटीत बसेल असे काहीच ज्याच्याजवळ अजून नाही त्याने कोठे जावे?

या प्रश्नाचे एक उत्तर तरुण पिढीने आपल्या परीने शोधले आहे, आणि ते पाहून मला मनःपूर्वक समाधान वाटते. सिएटल येथील एका वृत्तपत्रात चित्रकार असलेल्या गेब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ साली 'अर्बन स्केचर्स' या मंडळींचा पाया घातला. जागेवर बसून, डोळ्यांसमोरचे काढावे हा त्यांचा नियम, आणि त्यांच्या आठ कलमांच्या जाहीरनाम्यात एकमेकांस आधार देणे व एकत्र बसून चित्रे काढणे हे एक स्वतंत्र कलमच आहे. मुंबईत, पुण्यात अशा मंडळींचे मेळावे भरतात. कोणी वास्तुविशारद, कोणी बँकेत काम करणारी, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी कलाशाळेचा विद्यार्थी. दोन तास प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात बसतो, आणि शेवटी सर्वांच्या वह्या जमिनीवर एकाशेजारी एक उघड्या मांडल्या जातात. त्या मांडलेल्या वह्यांभोवती मी उभा राहिलो आहे. एकाच घुमटाची वीस रेखाटने आपल्यापुढे असतात. एकाने खिडक्या मोजल्या आहेत, एकीने नुसती सावली टिपली आहे, एका मुलाचा घुमट कागदाबाहेर गेला म्हणून त्याने शेजारच्या पानावर तो पुढे चालू ठेवला आहे. घुमट पाहण्याच्या वीस रीती एका नजरेत समजतात, आणि आपण एकविसावी रीत काढू शकू असे वाटू लागते. हे वाटणे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही.

याच्या जोडीला एक धोकाही वाढतो आहे, आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. दूरध्वनीच्या पडद्यावर रेखाटन टाकले की पाच मिनिटांत त्याखाली पसंतीच्या खुणांची मोजदाद सुरू होते, आणि तिला आपण उत्तेजन समजू लागतो. शंभर खुणांत एकही धार नसते. मूल पहिल्यांदा धीर करून चित्र दाखवते तेव्हा त्या खुणा त्याला आनंद देतात, आणि त्या आनंदाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ज्या चित्राला खुणा अधिक पडल्या त्याच वळणाचे चित्र पुन्हा काढण्याचा मोह तरुण हाताला होतो, आणि सहा वर्षे घरात कोंडून घेऊन माझी जी गत झाली तीच त्याची भर बाजारात होते. म्हणून माझे सांगणे असे की दाखवावे थोड्यांना, पण नेमाने; आणि पाहणाऱ्याने निदान एक रेघ तरी बोटाने दाखवून, येथे मला अमुक दिसले, असे सांगावे. "छान" म्हणणाऱ्याने काय छान तेही सांगावे. नवख्याच्या वहीत पहिल्या दिवशी एकच गोष्ट दुरुस्त करावी, दहा करू नयेत. आणि ज्याने महिनाभर काहीच काढले नाही त्याला, का नाही काढले, हे कोणीतरी विचारावे; कित्येकदा तेवढ्या एका विचारण्यानेही पेन्सिल पुन्हा हाती येते.

कच्चे काम उघड केले तर कल्पना चोरीस जाईल, ही तक्रारही मी ऐकतो, आणि यंत्रेच चित्रे जुळवू लागल्यापासून ती अधिक ऐकू येते. पूर्ण चित्राची चोरी करणे सोपे असते, कारण त्यात सर्व प्रश्न सुटलेले असतात. अपुऱ्या चित्रात प्रश्नच असतात, आणि ते ज्याचे त्यालाच सोडवावे लागतात. व्यावसायिक करारातील काम करार संपेपर्यंत झाकून ठेवावे, हे उघड आहे. सरावाच्या पानाला त्या भीतीचे कारण नाही.

आता मागणीकडे वळतो. माधव विश्वनाथ धुरंधर यांनी जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि अधिकारी म्हणून काढलेल्या एकेचाळीस वर्षांचा वृत्तांत पुस्तकरूपाने लिहून ठेवला, आणि त्यांची असंख्य रेखाटने, रस्त्यावरची माणसे, घरातली माणसे, पागोट्यांचे प्रकार, लुगड्यांची नेसणे, त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी जपली; म्हणूनच एक चित्रकार रोज काय पाहत होता हे आपल्याला आज समजते. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांतील कथाचित्रकारांचे असे कच्चे काम किती राहिले? छापून झालेले मूळ चित्रसुद्धा चित्रकाराकडे परत येण्याची जेथे पद्धत नव्हती, तेथे त्याची 'रफ' कोण सांभाळणार! ती रद्दीत गेली. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. १९४५ साली दीनानाथ दलाल या चित्रकाराने स्वतःच 'दीपावली' काढून चित्राला अंकात मजकुराच्या बरोबरीचे स्थान दिले. त्या परंपरेच्या आजच्या संपादकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक अंकात दोन पाने अपुऱ्या कामासाठी राखून ठेवावीत: एका कथाचित्राचे पहिले तीन प्रयत्न आणि शेवटचे चित्र शेजारी शेजारी छापावे, आणि कोणता प्रयत्न का सोडला हे चित्रकाराकडून चार ओळींत लिहून घ्यावे. या दोन पानांचा वाचकाला कंटाळा येईल असे मला वाटत नाही. चित्र कसे झाले हे जाणून घेण्याची उत्सुकता पेणच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलांइतकीच मोठ्या माणसांनाही असते.

दुसरी विनंती सार्वजनिक वाचनालयांना आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी वाचनालय आहे. वृत्तपत्रांचे लांब मेज आहे, बाक आहेत, वर पंखा आहे. वसंत सरवटे यांनी स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून व्यंगचित्रकलेत केवढे काम केले हे मराठी वाचकाला ठाऊक आहे; दिवसा कार्यालयात आणि रात्री रेखाटनात असलेली माणसे गावोगाव आहेत, आणि बहुतेकांना आपल्या गावात आपल्यासारखा आणखी कोणी आहे याची वार्ताही नसते. वाचनालयाने महिन्यातला एक रविवार, सकाळचे दोन तास, ते मेज त्यांना द्यावे. वर्गणी ठेवू नये, स्पर्धा घेऊ नये, प्रमुख पाहुणे बोलावू नयेत, बक्षिसे वाटू नयेत. प्रत्येकाने आपली वही आणावी, मेजावर उघडी ठेवावी, आणि शेजाऱ्याची पाहावी. फलकावर तेवढी एक ओळ लिहिली तरी पुरे आहे: "रेखाटनाची वही असणाऱ्यांनी यावे, चित्र पूर्ण असण्याची अट नाही."

खर्च शून्य आहे, आणि अधिकार कार्यकारी मंडळाचा आहे. मंडळाच्या येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी प्रत्येक वाचनालयाच्या चिटणीसांना नम्र विनंती आहे.